खोली सहा महिन्यांत उभी राहते, मग अडतं कुठे?

सनीव्हेल, सॅन होजे, माउंटन व्ह्यू ही नावं पुण्या-ठाण्यातल्या कितीतरी घरांत लेकाचा नाहीतर लेकीचा पत्ता म्हणून पाठ असतात. कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा काउंटीतली, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागातली, ही गावं. गूगलचं मुख्यालय इथे, अ‍ॅपलचंही इथेच. आणि याच काउंटीत २०२३ च्या गणनेत ९,९०३ माणसं बेघर आढळली. त्यातली ६,२६६ एकट्या सॅन होजे शहरात. त्यांच्यातही दर दहांपैकी सात जणांना रात्रीपुरताही निवारा नव्हता. कुणी तंबूत, कुणी जुन्या गाडीत, कुणी ओढ्याच्या काठी.

मुलांकडे राहायला आलेले आईवडील हायवेखालचे तंबू बघतात आणि विचारतात, "एवढा पैसा आहे इथे, मग यांना चार भिंती का बांधून देत नाहीत?" प्रश्न रास्त आहे. बांधून देतातही. गेल्या काही वर्षांत या भागात छोट्या छोट्या खोल्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या, त्यांना 'इंटरिम सपोर्टिव्ह हाउसिंग' म्हणतात. मधल्या काळापुरतं घर, आणि त्यासोबत माणसाला परत पायावर उभं करणारी मदत. ही कल्पना नेमकी काय आहे, ती कशी बांधतात आणि तिचं घोडं कुठे पेंड खातं, ते पाहू.

आधी एक गैरसमज बाजूला ठेवूया. हे सगळे बाहेरून हवामान चांगलं म्हणून आलेले लोक आहेत, असं इथे सर्रास बोललं जातं. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०२३ मध्ये राज्यभरातल्या सुमारे ३,२०० बेघर प्रौढांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यात दहातल्या नऊ जणांचं शेवटचं घर कॅलिफोर्नियातच होतं. चारातले तीन जण तर ज्या काउंटीत घर गेलं तिथेच अजून राहत होते. घर जाण्याआधीच्या सहा महिन्यांत त्यांच्या कुटुंबांचं मधलं (मीडियन) मासिक उत्पन्न होतं ९६० डॉलर, म्हणजे निम्म्यांचं त्याहूनही कमी. एवढ्या पैशात सांता क्लारा काउंटीत घर सोडा, खोली भाड्याने मिळणंही मुश्कील. व्यसनं आहेत, मानसिक आजार आहेत, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण व्यसनी आणि आजारी माणसं स्वस्त भाड्याच्या राज्यांतही असतात आणि तिथे त्यातली बरीचशी घरात राहतात. इथे भाडंच माणसाला बाहेर ढकलतं.

दोन टोकं आणि मधली जागा

बेघर माणसाला छप्पर द्यायचे दोन जुने मार्ग. पहिला म्हणजे मोठा हॉल, ओळीने खाटा, सामायिक संडास, सकाळी सामान घेऊन बाहेर पडायचं. हा स्वस्त आणि झटपट. पण रस्त्यावरची बरीच माणसं तिकडे जायला तयार नसतात, आणि त्यामागे हेकेखोरपणा नसतो. नवराबायकोला वेगळं झोपावं लागतं, कुत्रा बाहेर ठेवावा लागतो, सामान दोन पिशव्यांत बसवावं लागतं, शेजारच्या खाटेवर कोण असेल ते माहीत नसतं. तंबूत निदान स्वतःचा पडदा असतो.

दुसरा मार्ग म्हणजे कायमचं घर. स्वतःच्या नावावर भाडेकरार, उत्पन्नाच्या साधारण तीस टक्के भाडं, आणि जोडीला समुपदेशक, नर्स, व्यसनमुक्तीची सोय. आधी सुधारा मग घर देऊ, असं न म्हणता आधी घर देऊ, बाकीचं घरात बसून पाहू, हा विचार १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सॅम त्सेम्बेरिस या मानसशास्त्रज्ञाने रुजवला. 'हाउसिंग फर्स्ट' म्हणतात तो हाच. तो चालतो. खुद्द सांता क्लारा काउंटीतच, दवाखाना आणि तुरुंग यांच्या सतत फेऱ्या मारणाऱ्या सर्वांत अवघड माणसांवर त्याची शास्त्रशुद्ध चाचणी झाली. घर देऊ केलेल्यांपैकी ८६ टक्के लोक घरात गेले आणि चाचणीचा बहुतेक काळ घरातच राहिले.

मग हेच का करत नाहीत? करतात, पण फार हळू. काउंटीच्या मतदारांनी २०१६ मध्ये परवडणाऱ्या घरांसाठी ९५ कोटी डॉलरचे रोखे मंजूर केले. पण सॅन होजेत असं एक घर बांधायचा सरासरी खर्च आता नऊ लाख डॉलरांच्या पुढे गेला आहे, म्हणजे साडेसात-आठ कोटी रुपये. जागा, निधीचे पाच-सहा वेगवेगळे स्रोत, परवाने, बांधकाम असं धरून चार-पाच वर्षं सहज जातात. ओढ्याकाठी झोपलेल्या पन्नाशीच्या बाईला "पाच वर्षं थांबा" असं सांगणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

या दोन टोकांच्या मधली जागा म्हणजे इंटरिम घर. स्वतंत्र छोटी खोली, दाराला कुलूप, दिवसभर आत राहायची मुभा, आवारातच मदतनीस. भाडेकरार नसतो, त्यामुळे कायद्याने हे घर नव्हे, निवाराच. मुक्काम काही महिन्यांचा धरलेला असतो.

तीन वर्षं की सहा महिने

या खोल्यांचा सॅन होजेतला इतिहास मजेशीर आहे. राज्याने २०१६ मध्ये खास या शहरापुरता एक कायदा केला. निवाऱ्याची आणीबाणी जाहीर करून नेहमीच्या बांधकाम नियमांतून सूट घ्या आणि छोट्या खोल्या बांधा, अशी परवानगी त्यात होती. खोली बांधणं तसं आठवड्याचं काम. पण जागा कुठली? शहराने संभाव्य जागांची यादी काढली की त्या त्या भागातले रहिवासी सभेला गर्दी करायचे आणि यादी आखूड व्हायची. शेवटी उरल्या दोन जागा. एक सार्वजनिक वाहतूक मंडळाची, दुसरी राज्याच्या महामार्ग खात्याची. कुणाच्याच खिडकीतून न दिसणाऱ्या. मेबरी रोडवरची ४० खोल्यांची वसाहत उघडली जानेवारी २०२० मध्ये आणि फेलिपे अव्हेन्यूवरची तेवढीच दुसरी त्याच वर्षी. खोली ८० चौरस फुटांची, संडास-न्हाणी सामायिक. कायदा होऊन तीन वर्षं उलटली तेव्हा कुठे पहिल्या चाळीस खोल्या उघडल्या.

आणि मग करोना आला. हॉलमध्ये शंभर माणसं शेजारी-शेजारी झोपवणं अशक्य झालं, राज्याने आणीबाणीचे अधिकार वापरले, पर्यावरण परवान्यांची लांबलचक प्रक्रिया बाजूला ठेवली गेली. राज्याची 'होमकी' ही योजना २०२० च्या उन्हाळ्यात सुरू झाली. मोटेल विकत घेऊन किंवा कारखान्यात तयार झालेल्या खोल्या आणून निवारा करायचा, आणि पैसे ठरलेल्या मुदतीत संपवायचे, नाहीतर परत. मुदतीची ही टांगती तलवार फार कामाची ठरली. सॅन होजेने काही महिन्यांत नव्या वसाहती उभ्या केल्या, आणि त्यांत खोलीला स्वतःचा संडास-बाथरूमही दिला. शेजारच्या माउंटन व्ह्यूमध्ये लेगहॉर्न स्ट्रीटवर 'लाइफमूव्ह्ज' या संस्थेची १०० खोल्यांची वसाहत २०२१ मध्ये साधारण सहा महिन्यांत बांधून झाली.

एवढा वेग येतो कुठून? नेहमीच्या बांधकामात एक झालं की दुसरं, पाया झाल्याशिवाय भिंत नाही. इथे एकीकडे जमिनीवर सपाटीकरण, सांडपाण्याची नळी, विजेची जोडणी चालू असते आणि त्याच वेळी दुसऱ्या गावच्या कारखान्यात पोलादी चौकटीच्या खोल्या खिडकी, वायरिंग, नळासकट तयार होत असतात. शेवटी ट्रकवरून येतात, क्रेन त्या जागेवर ठेवते. जमीन उसनी असेल तर खोदाई टाळून लाकडी ओटा करायचा आणि नळ-वायरी त्याच्या खालून न्यायच्या, म्हणजे उद्या जागा सोडायची वेळ आली तर खोल्या उचलून दुसरीकडे नेता येतात. सांता बार्बरा शहरात 'डिग्निटीमूव्ह्ज' या संस्थेने २०२२ मध्ये काउंटीच्या गाड्या लावायच्या जागेवर ३४ खोल्या उभ्या केल्या. सॅन फ्रान्सिस्कोत गॉफ स्ट्रीटवर त्याच वर्षी, तसल्याच मोकळ्या डांबरी जागेवर ७० खोल्या झाल्या. पुढे-मागे इमारत होणार आहे पण सध्या नुसती पडून आहे, अशी जमीन शहरात भरपूर असते. तिचा चार-पाच वर्षांचा रिकामा काळ वापरायचा, ही या सगळ्यामागची खरी चतुराई.

पैसा खोलीत जात नाही

लॉस एंजेलिसमधल्या एका वसाहतीची गोष्ट इथे सांगायलाच हवी. शहराने २०२१ च्या सुरुवातीला नॉर्थ हॉलिवूडमध्ये चँडलर बुलेव्हार्डवर आठ फूट बाय आठ फुटांच्या चाळीस खोल्या उभारल्या. तयार भिंती जोडून दीड-दोन तासांत उभी राहणारी खोली, किंमत काही हजार डॉलर. पण हिशेब झाला तेव्हा प्रत्येक खोलीमागे खर्च निघाला सुमारे १,३०,००० डॉलर. वर्तमानपत्रांत अर्थातच ओरड झाली की बागेतल्या अवजारांच्या शेडला एवढे पैसे? पैसे शेडमध्ये गेलेच नव्हते. ते गेले जमीन तयार करण्यात, काँक्रीटच्या चौथऱ्यांत, वीज आणि आगीच्या अलार्मच्या वायरिंगमध्ये, कर्मचाऱ्यांच्या कार्यालयात, परवान्यांच्या शुल्कात.

त्यामुळे कुणी "आमची खोली फक्त इतक्या डॉलरला" म्हणालं की पहिला प्रश्न विचारायचा: जमिनीसकट की जमिनीशिवाय? सांडपाण्याची नळी किती लांब आहे? अग्निशमन गाडी आत वळते का? चाकाच्या खुर्चीला उतार आहे का? खोली हा या सगळ्या खर्चातला सर्वांत स्वस्त भाग असतो.

आणि हा झाला एकदाच करायचा खर्च. दरवर्षीचा त्याहून चिवट. दारावरची एक जागा चोवीस तास, आठवड्याचे सातही दिवस भरलेली ठेवायची तर आठवड्याला १६८ तास लागतात. एक माणूस ४० तास काम करतो. म्हणजे एका खुर्चीसाठी चारहून जास्त माणसं, सुट्ट्या-आजारपण धरून पाच. रात्री एकट्याला ठेवता येत नाही म्हणून दोन खुर्च्या धरल्या तर झाले दहा पगार, आणि अजून स्वयंपाक, सफाई, दुरुस्ती यांतलं काहीच मोजलेलं नाही. एकेका रहिवाशाची कागदपत्रं, भत्ते, घर यांचा पाठपुरावा करणारे केस मॅनेजर तर वेगळेच, साधारण वीस जणांमागे एक असावा अशी अपेक्षा. वसाहत छोटी असेल तर हे दहा पगार चाळीस खोल्यांवर वाटले जातात, मोठी असेल तर दीडशे-दोनशे खोल्यांवर. म्हणूनच सॅन होजेच्या नव्या वसाहती मोठ्या होत गेल्या. ब्रॅनहॅम लेनजवळ २०२५ मध्ये उघडलेली तर चक्क तीन मजली आहे. हिशेबाने बरोबर. पण दोनशे माणसांच्या वसाहतीत रखवालदाराला प्रत्येकाचं नाव माहीत नसतं, आणि या कामात नाव माहीत असण्याला फार किंमत आहे असं माझं मत.

आत काय चालतं

अशा जागांना इथे 'लो बॅरिअर' म्हणतात. २०१९ च्या राज्य कायद्यात त्यांची लक्षणंच दिली आहेत: जोडीदाराला सोबत राहता यावं, पाळीव प्राणी आणता यावा, सामान ठेवायला जागा असावी, आणि आडोसा असावा. दारू सोडल्याशिवाय आत घेणार नाही, अशी अट नसते. मारहाण, हत्यार, आवारात अमली पदार्थ विकणं चालत नाही. पाहुण्यांवर बहुतेक ठिकाणी बंधन असतं, आणि रहिवाशांची सर्वांत मोठी तक्रारही हीच असते. चाळीशीच्या माणसाला "तुझी बहीण आत येऊ शकत नाही" हे ऐकायला आवडत नाही.

पहिल्या आठवड्यात माणूस बहुधा झोपतो. रस्त्यावर रात्री सलग झोप मिळत नाही, सामान जाईल, कुणी मारेल, पोलीस उठवतील. मग कागदपत्रं. आपल्याकडे आधार हरवलं की जे होतं तेच: जन्मदाखला मिळवायला ओळखपत्र लागतं आणि ओळखपत्राला जन्मदाखला. तंबू हलवताना पिशवी गेली की सगळंच गेलं. केस मॅनेजरचे पहिले काही आठवडे ही साखळी सोडवण्यात जातात. त्यानंतर अपंगत्व भत्त्याचा अर्ज, फोन, डॉक्टर, आणि काउंटीच्या सामायिक यादीत नाव. या यादीत आधी आलेल्याला आधी असं नसतं. प्रश्नावली भरून घेतात आणि ज्याची अवस्था जास्त बिकट त्याला कायमच्या घरासाठी वरचा क्रमांक देतात. त्यामुळे धडधाकट पण कमी पगाराचा माणूस खाली राहतो. त्याला आजार पुरेसा नाही आणि पैसाही पुरेसा नाही.

दार दोन्हीकडे उघडावं लागतं

आता मुख्य गाठ. १०० खोल्यांची वसाहत आहे असं धरा. माणूस सरासरी चार महिने राहून पुढच्या घरात गेला तर वर्षाला एक खोली तीन जणांच्या कामी येते, म्हणजे ३०० माणसं. मुक्काम बारा महिन्यांवर गेला तर त्याच खोल्या, तोच खर्च, आणि माणसं १००. दीड वर्षावर गेला तर ६६. एकही खोली कमी न होता वसाहत जवळपास एक-पंचमांशावर आली.

मुक्काम लांबतो तो आळसाने नाही. पुढचं घरच नसतं. हातात भाडे-अनुदानाचं व्हाउचर घेऊन लोक महिनोन्‌महिने घर शोधतात. घरमालक फोन उचलत नाही, जुनी हकालपट्टी नोंदीत दिसते, मुदत संपते. तोवर खोली अडलेली, आणि ओढ्याकाठचा पुढचा माणूस तिथेच.

मुंबईकराला हे समजावून सांगायची गरज नाही. म्हाडाची संक्रमण शिबिरं याच बोलीवर बांधली होती: जुनी इमारत पाडतोय, नवी होईपर्यंत इथे राहा. कित्येक कुटुंबांच्या दोन पिढ्या तिथे वाढल्या. शिबिराच्या भिंतींचा त्यात फारसा दोष नव्हता. नव्या इमारतीच उभ्या राहिल्या नाहीत. कॅलिफोर्नियातले टीकाकार हीच भीती वेगळ्या शब्दांत मांडतात.

आणि भीती अगदी हवेतली नाही. सॅन होजेच्या मतदारांनी २०२० मध्ये महागड्या मालमत्तांच्या विक्रीवर एक कर मंजूर केला. त्याचे पैसे प्रामुख्याने परवडणाऱ्या कायमच्या घरांना जातील असं तेव्हा शहराचं धोरण होतं. महापौर मॅट महान २०२३ मध्ये पदावर आल्यापासून म्हणत आले की माणसं आज ओढ्यात मरताहेत, नऊ लाखांची घरं पाच वर्षांनी देऊन काय उपयोग. हळूहळू या कराचा मोठा वाटा तात्पुरत्या वसाहतींकडे वळला आणि २०२५ मध्ये ते धोरणच झालं. विरोधकांचं म्हणणं, बाहेर पडायच्या दाराचे पैसे तुम्ही आत यायच्या दारावर खर्च करताय. मला दोन्ही बाजूंत तथ्य दिसतं, पण वरचं गणित विरोधकांच्या बाजूने जास्त झुकतं. शिवाय एकदा बांधलेली वसाहत दरवर्षी पगार मागते, आणि कर मात्र घरांच्या विक्रीवर अवलंबून. बाजार मंदावला की उत्पन्न खाली येतं, दारावरच्या दोन खुर्च्या मात्र तशाच भराव्या लागतात.

या घाईमागे आणखी दोन गोष्टी आहेत. एक, पाणी. ओढ्याकाठच्या तंबूंतला कचरा खाडीत जातो म्हणून पाणी नियामक मंडळाचा शहरावर दबाव आहे. लोकांना काठावरून उठवायचं तर कुठेतरी न्यायला हवं. दुसरी, न्यायालय. पश्चिमेकडच्या राज्यांत २०१८ पासून असा निकाल लागू होता की निवाऱ्यात जागा नसेल तर उघड्यावर झोपल्याबद्दल शिक्षा करता येणार नाही. २८ जून २०२४ रोजी ग्रँट्स पास या ऑरेगनमधल्या शहराच्या प्रकरणात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी तो अडसर काढला. आता जागा असो-नसो, शहर दंड करू शकतं. सॅन होजेने त्यानंतर २०२५ मध्ये असा नियम केला की निवाऱ्याची जागा तीनदा देऊनही नाकारली तर कारवाई होऊ शकते. म्हणजे खोली आता नुसती मदत राहिलेली नाही, ती कायद्याची एक अटही झाली आहे. मदतनिसाचं काम त्याने कठीण होतं, कारण समोरचा माणूस विचारतो, तू मला घर द्यायला आलायस की पकडून द्यायला?

शेजाऱ्यांचा विरोध हा विषय एका परिच्छेदात संपण्यासारखा नाही, पण एवढं सांगता येईल की तो बांधण्याआधी सर्वाधिक असतो. वसाहत सुरू झाल्यावर फाटकाबाहेर तंबू पडू दिले नाहीत, रात्री फोन उचलणारा माणूस नेमला, तर तक्रारी पुष्कळ खाली येतात. दोन्ही गोष्टींना पुन्हा पगारच लागतात.

आत येणाऱ्यांची रांग कमी करण्याचाही एक उपाय याच काउंटीत चालू आहे, आणि बातम्यांत तो फार कमी येतो. तिथे क्रेन नाही, फीत कापायला काही नाही. भाडं थकून घर जाण्याच्या बेतात असलेल्या कुटुंबाला तेवढ्यापुरते पैसे द्यायचे, सरासरी दोन हजार डॉलरच्या आसपास, आणि तेही थेट घरमालकाला. नोत्र दाम विद्यापीठाच्या संशोधकांनी चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडले आणि तपासलं. मदत मिळालेली कुटुंबं पुढच्या सहा महिन्यांत बेघर होण्याची शक्यता ८१ टक्क्यांनी कमी होती. चँडलर बुलेव्हार्डवरच्या एका खोलीच्या खर्चात अशा साठ-पासष्ट कुटुंबांचं भाडं भागलं असतं.